सोळा मात्रांची जागा

"थांबा. परत पहिल्यापासून."

एवढंच म्हणायचे आणि उजव्या हाताने कठड्यावर एकदा ठोकायचे. त्या हाताच्या तळव्यावर चामड्याचा पट्टा आवळलेला असे आणि पट्ट्यात एक लोखंडी चकती. शिडाच्या जाड कापडातून सुई पलीकडे ढकलायची तर अशी चकती लागते. दिवसभर हा गृहस्थ होड्यांची शिडं शिवायचा आणि संध्याकाळी चर्चमध्ये गाणाऱ्यांना गाणं शिकवायचा. दोन्हीकडे हातात तोच पट्टा. आधी मला वाटायचं, काढायला विसरतात बिचारे. मग कळलं, विसरतात कसले! टाळीपेक्षा चकतीचा आवाज लांब जातो म्हणून मुद्दाम ठेवलेला.

गावात त्यांना मेस्त म्हणत. गाणं शिकवणाऱ्याला तिथे तोच शब्द. त्यांचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर वगैरे कुठे असेल, पण मी ते कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही, आणि आता मुद्दाम शोधून काढण्यात अर्थही नाही.

मी तळा गावचा. आमचं घर भातशेतीचं, आणि आमच्याकडे गाणं म्हणजे गुरुवारचं भजन आणि त्यात माझी पेटी. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेव्हा शाळाखात्याने माझी बदली रेवदंड्याच्या खाडीपलीकडे केली. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता आणि खाडीवर पूल नव्हता. किल्ल्याच्या डोंगराखाली नारळीत लपलेलं ख्रिस्ती लोकांचं गाव. घरात ते आपली जुनी फिरंगी वळणाची बोली बोलत आणि माझ्याशी मराठी. बदलीचा हुकूम हातात पडला तेव्हा मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नव्हतो. माझा स्वभाव मुळातच तापट, हे तुम्हाला पुढे दिसेलच.

गावातलं चर्च फार जुनं. हातभर जाडीच्या भिंती, आत जमिनीत बसवलेल्या कबरींच्या शिळा, त्यांच्यावरची अक्षरं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी पुसलेली. मागच्या बाजूला उंचावर लाकडी माडी, तिच्यावर गाणारे उभे राहत. तिथे सूर लावला की तो सगळ्या देवळात फिरायचा आणि गाणारा थांबला तरी अंमळ मागे राहायचा. हो, ते लोक चर्चला देऊळच म्हणत.

तिथला पायपेटी वाजवणारा गोदीत नोकरी लागून मुंबईला गेला होता. मास्तर पेटी वाजवतो हे कळल्यावर चौथ्याच दिवशी मेस्त शाळेच्या दारात. पन्नाशी उलटलेला, काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस. "शाळा सुटली की देवळात या," म्हणाले. येता का, जमेल का, काही नाही. मी म्हटलं, मी हिंदू आहे. "पेटीला ठावं हाय काय?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराला न थांबता चालते झाले. मला राग आला. संध्याकाळी मी गेलो.

आता त्या गावाची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्यांचं एक मोठं गाणं होतं, लॅटिन भाषेतलं, येशूला क्रुसावर दिलं त्या शुक्रवारी म्हणायचं. त्यात चार आवाज. वरचा, दुसरा, तिसरा आणि तळाचा. आणि हे चार आवाज गावातल्या चार घरांचे. आपल्याकडे पालखीचा खांदा कसा ठरलेल्या घराचाच असतो, तसा मान. कागद नाही, वही नाही. आईने मुलीला आणि बापाने मुलाला शिकवायचं. दुसऱ्या घराचा आवाज कुणी न्हाणीघरात एकटा असतानाही गुणगुणायचा नाही. आणि मला गंमत वाटली ती ही, की मुलगी लग्न होऊन दुसऱ्या घरात गेली तरी तिचा आवाज माहेरचाच. नाव बदललं, घर बदललं, देव्हारा बदलला, पण माडीवर उभी राहणार ती माहेरच्या माणसांत. एका नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं होतं, तर तो तळाच्या आवाजात आणि ही तिसऱ्यात, दोघं एकमेकांकडे न बघता एकच गाणं म्हणत उभे असलेले मी पाहिले आहेत.

पहिल्या दिवशी मी नुसता ऐकत होतो. चारांपैकी तीनच आवाज सुरू झाले आणि माझी बोटं पेटीवरच राहिली. असलं काही मी ऐकलं नव्हतं. आपल्याकडे सगळे मिळून एक सूर धरतात. इथे प्रत्येक जण आपल्या वाटेने निघाला होता आणि तरी सगळे एकाच ठिकाणी पोचत होते. आणि मग एकाएकी सगळे गप्प. मला वाटलं, चुकले. पण मेस्तांचा हात वरच होता, ताल देत होता. गाणारे तोंड मिटून उभे, प्रत्येकाचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकतोय. बरोबर सोळा मात्रा झाल्या आणि गाणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू.

थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी हुशारी केली. मोकळी जागा दिसतेय तर आपण भरून काढू, म्हणून पेटीवर चार सूर फिरवले.

चकती अशी आदळली की माडी हादरली. "त्या जागेत हात घालायचा न्हाय, मास्तर."

सगळ्यांसमोर मला असं कुणी बोललं नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, गाण्यात एवढी मोठी भोकं ठेवून वर माझ्यावरच आवाज चढवता? त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "परत पहिल्यापासून," एवढंच.

दुसऱ्या दिवशी जाणार नव्हतो. तरी गेलो. का गेलो म्हणाल तर त्या गाण्यासाठी गेलो, मेस्तांसाठी नाही.

मग तिथे नवे फादर आले. तरुण, मुंबईत शिकलेले, गाण्याचे वेडे. त्यांनी ठरवलं की या जुन्या देवळात देवाच्या गाण्यांची एक मोठी मैफल करायची. मुंबईहून पंचवीस-तीस गाणारे येतील, विलायतेतल्या थोर लोकांनी रचलेली जुनी स्तोत्रं म्हणतील. आणि शेवटी गावाचं मोठं गाणं. गाव खूश झालं. पण फादर तालमीला आले आणि ती गप्प जागा त्यांनी ऐकली. त्यांनी शांतपणे सांगितलं, असं अर्धं गाणं पाहुण्यांसमोर ठेवता येणार नाही. वरचा आवाज बसवा, नाहीतर आपण हे गाणं सोडू. दीड महिना आहे.

मेस्तांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते काही समजलं नाही.

तिसऱ्या आवाजातल्या एका म्हातारबाईला मी त्या दिवशी पायरीवर गाठून विचारलं, हा वरचा आवाज नक्की कुणाच्या घरचा? ती माझ्याकडे बघतच राहिली. एवढे दिवस झाले आणि याला माहीत नाही, असं तिला वाटलं असावं. "त्याच्याच," ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वरचा आवाज मेस्तांच्या घराचा. तो बायांनी म्हणायचा आणि पुरुषांनी ताल धरायचा. मेस्तांचं लग्न झालं नव्हतं. आई गेली आणि आवाज उरला एकट्या धाकट्या बहिणीकडे. ती विशीची झाली आणि पलीकडच्या कोळीवाड्यातल्या एका हिंदू पोराशी लग्न करून मोकळी झाली. मेस्तांनी तिला देवळाच्या दारातून परत पाठवलं. आणि दुसऱ्या दिवशी माडीवर उभं राहून सांगितलं की त्या घराची जागा कुणी भरायची नाही, मोजायची आणि पुढे जायचं. अठरा वर्षं झाली होती. कठड्याशी ती उभी राहायची तेवढी जागाही मोकळी सोडत. मी रोज बघत होतो, पण माझ्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणजे बघा, गाण्याला भोक पाडणारे हेच, आणि त्या भोकाची राखण करणारेही हेच. मला इतका संताप आला की काय सांगू. बहीण खाडीच्या पलीकडे, डोळ्यांना दिसेल एवढ्या अंतरावर. होडीने अर्धा तास. आणि हा माणूस अठरा वर्षं पेरं मोजतोय.

शनिवारी अर्धी शाळा. मी कुणाला न सांगता होडीत बसलो आणि रेवदंड्याच्या कोळीवाड्यात गेलो. विचारत विचारत घर सापडलं. अंगणात काठ्या रोवून दोऱ्या बांधल्या होत्या आणि एक चाळिशीची बाई त्यांच्यावर बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची. लुगडं कोळणीचं, कपाळाला कुंकू. पण खांदे बघितले आणि विचारायची गरज उरली नाही.

मी कोण ते सांगितलं. तिने पहिला प्रश्न विचारला, त्याने पाठवलं काय? मी म्हटलं, नाही, त्यांना ठाऊकही नाही. "मग बसा," ती म्हणाली.

मी मैफलीचं सांगितलं, फादर काय म्हणाले ते सांगितलं. ते गाणं आठवतं का, असं विचारलं. तिने दोरीकडे तोंड करून हात चालू ठेवले आणि तसंच म्हणायला लागली. आवाज गोड म्हणाल तर नव्हता, बाजारात बसून घसा भरला होता. पण सूर जिथे लागायला हवा तिथेच लागत होता. मी घाईघाईने वही काढली आणि सा-रे-ग-म लिहून घ्यायला लागलो.

एका जागी ती थांबली. मला वाटलं, विसरली. साहजिकच आहे, इतकी वर्षं झाली. म्हणून मी आधीचा सूर हळूच गुणगुणलो, तिला आठवावं म्हणून.

"गप ऱ्हा मास्तर," ती म्हणाली. "आता त्यांचं चाललंय."

आणि हात चालूच. एक जोडी, दुसरी जोडी, तिसरी. आठवी जोडी दोरीवर पडली आणि तिने पुढचा सूर उचलला. आठ जोड्या, सोळा बोंबील. इकडे हे लोक तिची जागा मोजत होते आणि तिकडे ती यांची.

 पुढचं मी लिहिलं, पण ते अक्षर मला नंतर जेमतेम वाचता आलं.

परत आलो तो तडक मेस्तांच्या छपरीत. ते जमिनीवर शीड पसरून शिवत बसले होते. मी म्हटलं, तुम्हाला राग यायचा तर येऊ दे, मी तुमच्या बहिणीकडे गेलो होतो आणि वरचा आवाज लिहून आणलाय. ते शिवतच राहिले. मी वाचून दाखवायला लागलो. त्यांना सा-रे-ग-म येत नव्हतं, पण म्हणून दाखवल्यावर ओळखणारच. ओळखलं, कारण सुई मंदावली.

मी थांबलो तसं त्यांनी वहीकडे बघून विचारलं, मध्ये या कोऱ्या रेघा कसल्या? मी म्हटलं, तिथे त्या गप्प राहिल्या.

"किती?"

"सोळा."

सुई कापडात अर्धी राहिली.  मग दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसं म्हणाले, "बरोबर हाय." आणि पट्टा सोडायला लागले. दिवसाउजेडी त्यांना तो पट्टा सोडताना मी प्रथमच पाहिलं.

फादरांना वही दाखवली तर ते आनंदले. म्हणाले, कागदावर आलंय ना, मग मुंबईची एखादी मुलगी सहज म्हणेल. मेस्त म्हणाले, नाही. तळाच्या आवाजाचा म्हातारा तिथेच होता, तो म्हणाला, तिला माडीवर चढवणार असशील तर आम्ही उतरतो, ती आपल्यातून गेली. मेस्तांनी त्याला एकच विचारलं, लग्न झाल्यावर बाईचा आवाज कुणाचा? मग स्वतःच मेस्त म्हणाले, "माहेरचा. लगीन कुनाशी झालं ते रीतीत कुठं हाय?" रीतीवर बोट ठेवून बसणाऱ्याला रीतीनेच गप्प केलं होतं. फादरांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, मैफल म्हणजे काही मिसा नव्हे, देवळातला प्रार्थनाविधी नव्हे, देवळात कुणीही येऊन गाऊ शकतं.

रविवारी मेस्त मला म्हणाले, चला. एकटं जायची छाती नव्हती, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही. होडीत सारा वेळ ते पाण्याकडे बघत होते.

दारात तिचा नवरा होता. गुडघ्यांनी कामातून गेलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस. अठरा वर्षांनी मेव्हणा दारात उभा, तर म्हणाला, "ये, बस. ऊन लय हाय." जणू काल येऊन गेले होते. ती आतून आली. भावाकडे बघितलं आणि परत आत गेली. आली ती दोन ताटं घेऊन. भात आणि कोलंबीचं कालवण. माझ्यापुढे एक, त्यांच्यापुढे एक. त्या घरचं पाणीही पिणार नाही असं त्यांनी म्हटलेलं सगळ्या गावाला ठाऊक होतं. मेस्तांनी हात धुतले आणि जेवले. पानात काही टाकलं नाही.

जेवण झाल्यावर ती समोर बसली. "देवळाच्या दारात मला काय बोलला होतास, आठवतं?"

"आठवतं."

"बोल मग. मास्तरांना बी कळू दे."

मेस्त म्हणाले, "तुझा आवाज या देवळात परत ऐकू आला तर मी मेस्त न्हाय, असं बोललो होतो."

"मग?"

"मग न्हाय मेस्त. तू ये."

मला वाटलं ती रडेल, निदान काही बोलेल. ती उठली, ताटं उचलली आणि आतून विचारलं, तालीम कधी आहे. तालमीला ती आली नाहीच म्हणा. देवळात पाय ठेवायचा तो त्याच दिवशी, असं तिने ठरवलं होतं. मेस्तांनीही आग्रह केला नाही. मी म्हटलं, अहो, एकदा तरी सगळ्यांना एकत्र म्हणू द्या, नाहीतर ऐन वेळी घोळ होईल. ते म्हणाले, तिला येतं आणि यांनाही येतं. माझं कोण ऐकतो!

मैफल दुपारी चारला होती. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. चौलहून, अलिबागहून माणसं आली होती. मुंबईकर मंडळी पांढऱ्या कपड्यांत, हातात काळ्या वह्या. मी त्यांच्यात खोट काढायच्या तयारीनेच बसलो होतो, पण खोटं कशाला बोलू, ते सुरेख गायले. एका स्तोत्राच्या शेवटी सगळे थांबले तरी सूर वर कौलांखाली फिरत राहिला आणि माझ्या पुढच्या बाकावरच्या कोळणीने हळूच वर बघितलं.

मग आमची पाळी. मी पेटीवर, गाणारे कठड्याशी. मेस्तांची बहीण जिना चढून आली. डोक्यात अबोली, कपाळाला कुंकू तसंच. जाऊन आपल्या जागी उभी राहिली.

मेस्तांनी पट्ट्याचा हात वर केला. तीन आवाज सुरू झाले, चांगले झाले, थांबले. आणि तिने एकटीने वरचा सूर घेतला.

काय सांगू तुम्हाला. त्या माडीवरच्या अर्ध्या पोरांनी तो आवाज जन्मात ऐकला नव्हता. वाटायचं की त्या गाण्यात तिथे काही नसतंच. ती सगळी तिच्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली. आणि मेस्तांनी काय करावं? त्यांनी हात खाली घेतला. पट्टा सोडला, माझ्या पेटीच्या झाकणावर ठेवला, आणि जिना उतरून खाली गेले. भर मैफलीत. सगळ्यांमधून चालत जाऊन शेवटच्या बाकावर बसले. शब्द दिला होता ना, तिचा आवाज ऐकू आला तर मी मेस्त नाही. आला ऐकू, संपलं. अहो, निदान गाणं तरी पुरं होऊ द्यायचं! मला तिथून खाली उडी मारून त्यांची मानगूट धरावीशी वाटली.

तिचं संपलं. आता तिघांनी उचलायचं. हात नाही, ताल नाही, कुणी उचलेना. एक मात्रा, दोन, तीन. फादरांचा चेहरा उतरला. मुंबईकर मान वळवून माडीकडे बघायला लागले. माझी बोटं शिवशिवत होती, चार सूर दिले असते तर सगळे सावरले असते. पण नाही दिले. तेवढं मी शिकलो होतो.

ती मात्र हललीही नाही. समोर बघत उभी होती आणि अंगठा पेरांवरून चालला होता. यांच्या सोळा मात्रा तिने पुऱ्या मोजल्या, एक कमी नाही की जास्त नाही, आणि आपला पुढचा सूर घेतला. यावेळी ती थांबली तेव्हा तळाचा आवाज आला. तोच म्हातारा, जो माडीवरून उतरणार होता. अर्धी मात्रा उशिरा आला, घोगरा आला, पण आला. त्याच्यामागून दुसरा, तिसरा. शेवटी चारही आवाज एकत्र झाले तेव्हा मला पेटीच्या पट्ट्या नीट दिसत नव्हत्या.

नंतर मुंबईच्या गाणाऱ्यांचा प्रमुख फादरांना मोठ्या आदराने विचारत होता, ती मधली लांब शांतता कुणाची रचना? फादर म्हणाले, ती आमच्या गावची पद्धत आहे. पाद्री माणूस, पण वेळ निभावून नेली.

संध्याकाळी मी मेस्तांना गाठून भांड भांड भांडलो. एवढी घाई काय होती? गाणं चुकलं की नाही? ते म्हणाले, "चुकलं. तिनं सांभाळलं न्हाय काय?" आणि हसले. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

त्यानंतर मेस्त ती झाली. दर शनिवारी होडीने यायची. भाऊ शेवटच्या बाकावर बसायचा, कुणाचं काही चुकलं तरी चकार शब्द काढायचा नाही. पट्टा दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन गेले होते, शिडं शिवायची होतीच, पण देवळात येताना तो आता घरी ठेवत. बहीण-भाऊ एकमेकांशी फारसे बोलत नसत. माझी कटकट चालायची, आता तरी नीट बोला, तर दोघेही माझ्याकडे कपाळाला सारख्याच आठ्या घालून बघायचे.

मग माझी बदली झाली, परत तळ्याकडे. पाच-सहा वर्षं गेली. जुने मेस्त अंथरुणाला खिळल्याचं पत्र आलं. परीक्षांचे दिवस होते, सुट्टी लागली की जाऊ म्हटलं. सुट्टी लागली तेव्हा उशीर झाला होता. स्वतःवर चिडण्यात मी कधी मागे नव्हतो, त्या वेळी तर होडीत बसलो तरी चिडलेलाच होतो.

ती छपरीत होती. अर्धवट शिवलेलं एक शीड घडी करत होती. थकली होती. चार महिने रोज खाडी ओलांडून तिने भावाचं सगळं केलं होतं, हे मला गावात शिरतानाच कळलं होतं. मी बसलो. आणि नको तेच तोंडातून गेलं. मी विचारलं, त्यांनी कधी तुमची माफी मागितली का?

"त्यानं?" ती म्हणाली. "न्हाय."

शिडाची आणखी एक घडी घातली.

"पन पडून होता ना, तवा रोज मी आत आले की इचारायचा, कोनती होडी धरून आलीस, आन् खाल्लंस काय. रोज. एक दिस चुकला न्हाय. येवढी वर्सं या घरातनं मला कुनी ते इचारलं नव्हतं." तिने घडी तळव्याने दाबून सपाट केली. "तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी बी मी आले. आत आले नि उभी ऱ्हायले. मग ध्यानात आलं, आता कुनी इचारनार न्हाय."

 बाहेर नारळीतून वारा चालला होता. शेवटी मीच विचारलं,

"आज कोणती होडी धरून आलात?"

तिने शीड खाली ठेवलं.

"पयली," ती म्हणाली. "आन् खाल्लं न्हाय अजून."